राजपूरकर मास्तर : आश्रित की असहमत?

गेल्या बैठकीत मी जोसेफ इझिकेल राजपूरकर यांच्याबद्दल बोललो होतो. नेहमीप्रमाणे बैठक संपल्यावर आम्ही चार-पाच जण टावर चौकात पोहे खायला थांबलो. तिथे आपल्या मंडळातले एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "सगळं ठीक आहे हो, पण यात बंड कुठे आहे? चाळीस वर्षं माणूस एका शेठच्या शाळेत मुख्याध्यापक होता. ज्यांच्या पैशावर शाळा चालली, ते याला धड ज्यू मानायलाही तयार नव्हते. तरी हा तिथेच राहिला. याला तुम्ही असहमत म्हणता? मी तर आश्रित म्हणेन."

माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. टावरच्या घड्याळाकडे बघून "उशीर झाला" म्हणालो आणि घरी आलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे, निदान उत्तराचा प्रयत्न. मी इतिहासाचा पदवीधर नाही. आयुष्य पाणीपुरवठ्याच्या नळांमध्ये आणि टाक्यांमध्ये गेलं. त्यामुळे मांडणी कुठे खडबडीत वाटली तर सांभाळून घ्यावं.

कोण हे राजपूरकर?

जे बैठकीला नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांचा जन्म १८३४ चा, मुंबईचा. मृत्यू १९०५ मध्ये, मुंबईतच. समाज बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. शिक्षण स्कॉटिश मिशनऱ्यांच्या फ्री जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशनमध्ये. १८५६ मध्ये डेव्हिड ससून यांच्या शाळेत शिक्षक, १८६१ मध्ये तिथेच मुख्याध्यापक, आणि मग सुमारे चाळीस वर्षं तीच खुर्ची. १८७१ पासून मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक. पुढे विद्यापीठाचे फेलो झाले. ज्यू प्रार्थनांचा जवळजवळ सगळा संग्रह त्यांनी हिब्रूतून मराठीत आणला. शिवाय इतर पुस्तकांची भाषांतरं केली.

संदर्भग्रंथांत त्यांच्यावर एवढाच मजकूर असतो. एक परिच्छेद, तारखा आणि पदं. हे वाचून कोणालाही वाटेल की हा एक कष्टाळू, सरळमार्गी, सरकारदरबारी मान मिळवलेला मास्तर होता. आपल्या ज्येष्ठांना तेच वाटलं. माझं म्हणणं असं की हे वाचन चुकीचं आहे. तारखा चुकीच्या आहेत असं नाही. प्रत्येक तारखेच्या मागे कोण उभं होतं ते आपण बघत नाही, इतकंच.

आधी समाज

बेने इस्राएल म्हणजे 'इस्राएलची मुलं'. अलिबाग, पेण, मुरुड या पट्ट्यात ते पिढ्यान्‌पिढ्या राहिले. तेल गाळण्याचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून गावकऱ्यांनी नाव दिलं 'शनवार तेली'. आडनावं गावांवरून: केहीमकर, दिवेकर, पेणकर, अष्टमकर. राजपूरकर हे नाव जंजिऱ्यासमोरच्या राजपुरीकडे बोट दाखवतं. बायका नऊवारी नेसत, मंगळसूत्र घालत, घरात मराठीच बोलली जाई.

त्यांच्या सणांची नावं ऐकली की कोकणचं कुठलंही घर डोळ्यांसमोर येतं. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणी, शिळा सण, बिरड्याचा रोजा. यातला नव्याचा सण म्हणजे हिब्रू वर्षारंभ, दारफाळणी म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, त्या दिवशी सगळं घर दार लावून उपास करी. बिरड्याचा रोजा हा यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा. बघा, नावात काय उरलं होतं? खाणं, ऋतू आणि दार. मंदिर, यरुशलेम, मिसर, यातलं काही नाही. हिब्रूतलं एकच वचन पाठ होतं, ज्याला 'शमा' म्हणतात. लग्नात शमा, सुंतेत शमा, मयतीतही शमा. अर्थ माहीत नसला तरी ते म्हणायचंच.

इथे मला माझं घर आठवतं. माझे वडील रोज संध्या करत. मी दहा वर्षांचा असताना एका मंत्राचा अर्थ विचारला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "अर्थ नंतर. आधी उच्चार नीट कर." तो 'नंतर' कधी आला नाही. त्यांना अर्थ येत नव्हता हे मला खूप वर्षांनी कळलं. म्हणून शमा पाठ असलेल्या पण हिब्रू न येणाऱ्या त्या तेल्यांबद्दल मला परकेपणा वाटत नाही. ज्यानं त्यांना अर्थ सांगितला त्याच्याबद्दल तर मुळीच नाही.

पहिला हिशोब: मिशनऱ्यांशी

या समाजाला हिब्रू शिकवणारे बहुतेक बाहेरून आले. परंपरा डेव्हिड राहाबी या नावापासून सुरू होते. १७९६ मध्ये सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. पुढे कोचीनहून ज्यू शिक्षक आले. आणि मग आले मिशनरी. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत पोचले आणि १८३२ मध्ये त्यांनी चक्क मराठीत हिब्रू व्याकरणाचं पुस्तक काढलं. ते बेने इस्राएलांसाठीच होतं.

आता हे काही निव्वळ विद्याप्रेम नव्हतं. विल्सन मोठे विद्वान होते, पण ते मिशनरी होते आणि ते लपवतही नव्हते. १८३९ मध्ये त्यांच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मुंबईत केवढा गहजब झाला हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल. बेने इस्राएलांच्या बाबतीत मिशनऱ्यांचा अंदाज साधा होता. यांना जुना करार मान्य आहेच. तो यांना हिब्रूतून वाचायला शिकवला की हे आपोआप नव्या कराराकडे येतील. रस्ता अर्धा झालेलाच आहे.

अंदाज साफ चुकला. बेने इस्राएल मुलं मिशनच्या शाळांत गेली, हिब्रू शिकली, इंग्रजी शिकली, आणि धर्म बदलणारे अगदी थोडे निघाले. राजपूरकर याच शाळेतून बाहेर पडले. तिथे मिळालेली विद्या त्यांनी कुठे लावली? ज्यू प्रार्थनापुस्तकांत.

याचं वजन कळण्यासाठी एका शब्दाचं उदाहरण घेऊ. यशया संदेष्ट्याच्या सातव्या अध्यायात एका स्त्रीला मूल होणार असल्याचं सांगितलं आहे. हिब्रू शब्द आहे 'आल्मा', म्हणजे तरुण स्त्री. मिशनच्या मराठी बायबलात तिथे 'कुमारी' आलं. एका शब्दाचा फरक. पण त्या एका शब्दावर मिशनऱ्यांची आख्खी शिकवण उभी होती, कारण त्यातून येशूच्या जन्माचं भाकीत निघतं. ज्याला मूळ हिब्रू येत नाही तो या 'कुमारी'पुढे निरुत्तर होतो. ज्याला येतं तो म्हणू शकतो, "पादरीसाहेब, मूळ शब्द हा नाही."

दुसरं उदाहरण आणखी साधं. 'जुना करार' हा शब्दच घ्या. ज्यू माणसाच्या दृष्टीनं त्यात जुनं काय आहे? नवा मानला तरच पहिला जुना होतो. मराठीत ज्यू धर्माविषयी बोलायला लागणारी शब्दसंपदा आधी मिशनऱ्यांनी घडवली होती, आणि तिच्यात त्यांचा निकाल आधीच भरलेला होता. अशा वेळी कोणीतरी बसून प्रार्थनापुस्तकं मुळातून मराठीत आणणं म्हणजे केवळ भाषांतर राहत नाही. पाणी दुसऱ्याच्या टाकीतून घ्यायचं की आपली विहीर खणायची, असा तो निर्णय असतो. राजपूरकरांनी विहीर खणली. खणायची कुदळ मात्र पादऱ्यांचीच होती, आणि मला यातच त्यांचं मोठेपण दिसतं.

पंडिता रमाबाईंची इथे आठवण होते. त्यांनीही बायबलच्या मराठी भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं, कारण हाती असलेली भाषा त्यांना पुरेशी वाटली नाही. दिशा वेगळी, श्रद्धा वेगळी, पण हट्ट तोच: मूळ मी स्वतः वाचीन. रमाबाईंना आपण बंडखोर म्हणतो, आणि ते योग्यच आहे. राजपूरकरांना मात्र आपण 'भाषांतरकार' म्हणून सोडून देतो.

दुसरा हिशोब: ससूनांशी

आता ज्येष्ठांच्या मुख्य आक्षेपाकडे येतो. डेव्हिड ससून बगदादचे. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आले आणि अफू, सूत, कापूस यांच्या व्यापारात अफाट पैसा मिळवला. त्यांनी दानही तसंच केलं. भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग त्यांचं, पुण्यातलं लाल देऊळ त्यांचं, ससून हॉस्पिटलवर त्यांचं नाव. बगदादी ज्यूंची भाषा अरबी, पेहराव अरबी, आणि नजर हळूहळू इंग्रजांकडे लागलेली.

या मंडळींना बेने इस्राएलांची अडचण वाटू लागली. काळे सावळे, मराठी बोलणारे, तेल गाळणारे. हे आपल्यासारखेच ज्यू म्हणायचे? १८३६ मध्ये काही बगदादी ज्यूंनी सरकारकडे अर्ज केला की कबरस्तानात दोन्ही समाजांच्या मध्ये भिंत घालावी. मेल्यावरसुद्धा शेजार नको. पुढे प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत बेने इस्राएल माणूस मोजायचा की नाही, त्याला पोथी वाचायला बोलवायचं की नाही, सोयरीक करायची की नाही, हे वाद चालूच राहिले. रंगूनमध्ये तर सिनेगॉगच्या कारभारात बेने इस्राएलांना मत आहे की नाही हे १९३० च्या दशकात हायकोर्टाला ठरवावं लागलं. निकाल बेने इस्राएलांच्या बाजूनं लागला.

अशा शेठच्या शाळेत राजपूरकर चाळीस वर्षं मुख्याध्यापक. ज्येष्ठांचा मुद्दा हाच.

पण जरा उलट बाजूनं बघा. ज्या घराण्यांना बेने इस्राएलांच्या ज्यूपणाविषयी शंका होती, त्यांची मुलं हिब्रू कोणाकडून शिकत होती? एका बेने इस्राएलाकडून. आणि १८७१ पासून विद्यापीठात हिब्रूचा पेपर कोण तपासत होतं? तोच. ज्याला दहांत मोजायचं की नाही याचा वाद चालला होता, त्याच्या हातात पास-नापास करण्याची लाल पेन्सिल होती. एखाद्याचं हिब्रू बरोबर आहे की चूक, हे सांगण्याचा अधिकार मुंबई इलाख्यात ज्याच्याकडे होता तो राजपुरीच्या नावाचा मराठी माणूस होता. भिंतीच्या अर्जाला याहून चांगलं उत्तर मला तरी सुचत नाही.

यावर ज्येष्ठ म्हणतील की हा परिणाम झाला, हेतू नव्हे. मान्य. माणसाच्या मनात काय होतं हे आपण कागदावरून ठरवू शकत नाही. पण कामाची दिशा ठरवू शकतो. एखाद्यानं रोजीरोटीपुरतीच नोकरी केली असती, तर शाळेनंतर घरी बसून शेकडो पानं भाषांतर करण्याचं कारण नव्हतं. ससूनांना मराठी प्रार्थनांची गरज नव्हती. त्यांच्या मंडळींसाठी मुंबईत अरबीतून, हिब्रू लिपीत, छापील साप्ताहिकसुद्धा निघत होतं. मराठी प्रार्थना हव्या होत्या पेण-पनवेलच्या, अलिबागच्या माणसांना. म्हणजे दिवसभर मास्तर एका समाजाचे आणि रात्री लेखणी दुसऱ्याची. मला यात आश्रितपणा दिसत नाही.

केहीमकर आणि राजपूरकर

आपल्या चर्चेत हाईम सॅम्युअल केहीमकरांचं नाव आलं होतं. 'खरा लढवय्या तो' असं म्हटलं गेलं. केहीमकर राजपूरकरांचे समकालीन, चार वर्षांनी मोठे. त्यांनी १८७५ मध्ये बेने इस्राएल मुलांसाठी वेगळी इस्राएलाइट स्कूल काढली. हीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली आणि तिच्या मुख्याध्यापिका म्हणून रिबेका रूबेन यांचं नाव गाजलं. केहीमकरांनी समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. तो १८९७ मध्ये तयार होता, पण छापला गेला १९३७ मध्ये, तोही तेल अवीवला, लेखक गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

लढवय्ये ते होतेच. ससूनांची शाळा असताना दुसरी काढावी लागली, यातच सगळं आलं. स्वतःच्या समाजाची मुलं स्वतःच्या छपराखाली हवीत, हे केहीमकरांनी ओळखलं, आणि हे राजपूरकरांनी केलं नाही. हा फरक मी झाकणार नाही.

पण केहीमकरांचा ग्रंथ टीकेच्या नजरेनं वाचला तर त्यात एक कच्चा दुवा दिसतो. त्यांना सिद्ध करायचं होतं की बेने इस्राएल फार प्राचीन काळी, इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास, गालीलातून निघाले. नवगावजवळ जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या. पुराव्यांतला एक असा की हनुक्का हा सण बेने इस्राएलांना माहीत नव्हता. तो सण त्यानंतरच्या घटनेचा. म्हणून ते आधी निघाले असणार. माझ्यासारख्या माणसाला हे खटकतं. नळाला पाणी येत नाही याचा अर्थ लाइन कधी टाकलीच नव्हती असा होत नाही. ती मधेच कुठे बुजलीही असेल. ज्या समाजाला शमा सोडून सगळं हिब्रू विसरायला झालं, तो एक सणही विसरू शकतो. आणि जहाज फुटून किनाऱ्याला लागलेली चौदा माणसं म्हटलं की चित्पावनांची परशुरामाची कथा आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच किनाऱ्यावर, तोच आकडा. दोन कथांनी एकमेकींकडून काही घेतलं असणं शक्य आहे. केहीमकरांना मात्र कथा इतिहास म्हणून हवी होती.

आणि ती का हवी होती हेही समजून घेतलं पाहिजे. 'तुम्ही खरे ज्यू आहात का?' असा प्रश्न विचारणारा समोर उभा असेल तर माणूस वंशावळ शोधायला लागतो. केहीमकरांनी तसंच केलं. प्रश्न विचारणाऱ्याच्या अटी त्यांनी मान्य केल्या आणि त्या अटींवर जिंकायचा प्रयत्न केला. हा मार्ग किती अवघड आहे ते पुढे इस्रायलमध्ये दिसलं. १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठानं बेने इस्राएलांच्या लग्नांसाठी आईच्या आणि आजीच्या पिढ्यांची चौकशी करायचा आदेश काढला. लोकांना धरणं धरावं लागलं, आणि १९६४ मध्ये सरकारनं ठामपणे सांगितल्यावर तो आदेश बदलला. वंशावळीच्या पुराव्याला अंत नसतो. कितीही मागे गेलात तरी समोरचा म्हणतो, त्याच्या आधीचं दाखवा.

राजपूरकरांनी हा वादच वेगळ्या जागी नेला. ते कुठून आलो हे सांगत बसले नाहीत. काय म्हणतो ते सांगितलं. प्रार्थना ही आहे, तिचा अर्थ हा आहे, आता म्हणा. जो प्रार्थना समजून म्हणतो त्याला ज्यू असल्याचा दाखला कोणी द्यायचा? माझ्या मते दोघांत जास्त खोल असहमती ही आहे. तिचा आवाज कमी आहे, एवढंच.

मराठी ही अडचण नव्हती

आणखी एक मुद्दा बैठकीत वेळेअभावी राहिला. 'शुद्ध' व्हायचं तर मराठी सोडायची, असा विचार त्या काळात अगदी स्वाभाविक होता. बगदाद्यांनी अरबी सोडून इंग्रजी धरली. बेने इस्राएलांतल्या शिकलेल्यांनाही ती वाट मोकळी होती. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजानं मराठी ज्यू साहित्य उभं केलं, आणि ते थोडंथोडकं नाही. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या रात्रीची पोथी, हग्गादा, मराठी अर्थासह शिळाप्रेसवर छापली गेली. छापखाना विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांचा. अग्निहोत्र्यांच्या छापखान्यात मिसरातून सुटकेची कथा! आणि चित्रांत जमिनीवर बसून बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या साडीतल्या बायका. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकरांसारखे लोक उभे राहून चक्क कीर्तन करू लागले. आख्यान अब्राहामाचं, योसेफाचं. चाल आणि थाट आपल्या हरिदासांचा.

राजपूरकरांचं भाषांतर या सगळ्याच्या तळाशी आहे. आधी अर्थ मराठीत आला, तेव्हा पुढे त्याचं कीर्तन होऊ शकलं. त्यांनी हिब्रू शिकवली पण मराठीची लाज शिकवली नाही. इथे उज्जैनमध्ये राहणाऱ्या आपल्याला हे नीट कळावं. आपण उलट्या टोकाला आहोत. शिंद्यांच्या काळात आलेली आपली घरं, बाहेर हिंदी, घरात मराठी, आणि आता घरातही हिंदीच. माझी मुलगी मराठी समजते, बोलते अडखळत, वाचत नाही. आरत्या मात्र तिला सगळ्या पाठ आहेत. परवा तिनं एका ओळीचा अर्थ विचारला आणि माझ्या तोंडातून वडिलांचंच वाक्य निघता निघता राहिलं.

दोष

टीकालेखात दोष सांगितले नाहीत तर तो सत्काराचा कार्यक्रम होतो. म्हणून दोन दोष सांगतो.

पहिला: भाषांतर हाताशी आलं की मूळ वाचायची निकड कमी होते. मराठी बाजूचं पान इतकं सोयीचं होतं की हिब्रूचं पान पुष्कळांसाठी शोभेचं राहिलं असणार. मास्तरांचं यश आणि मास्तरांच्या हिब्रू शिकवण्याचं अपयश एकाच पुस्तकाच्या समोरासमोरच्या पानांवर आहे. हा प्रश्न फक्त त्यांचा नाही. ज्ञानेश्वरी घरात असली म्हणून गीता कितीजण संस्कृतातून वाचतात?

दुसरा दोष जास्त गंभीर आहे. राजपूरकरांसारख्या मान असलेल्या माणसानं, विद्यापीठाच्या फेलोनं, भिंतीविरुद्ध उघड उभं राहणं वेगळ्या वजनाचं झालं असतं. केहीमकरांना वेगळं घर बांधावं लागलं तेव्हा राजपूरकर जुन्या घरात मोठ्या खुर्चीवर होते. ज्येष्ठांच्या आक्षेपातला हा भाग खरा आहे आणि तो मी मान्य करतो. काम बोलतं हे खरं, पण काही वेळा माणसानंही बोलावं लागतं.

आता एक कबुली. हा लेख लिहिताना माझ्या लक्षात आलं की मी राजपूरकरांची बाजू इतक्या जोरात का घेतोय. मी सव्वीस वर्षं नोकरी केली. त्यात दोन-तीन वेळा असं झालं की वरून आलेला निर्णय चुकीचा आहे हे मला आकड्यांनिशी दिसत होतं. मी काय केलं? नोटशीटवर चार ओळींत असहमती नोंदवली, सही केली आणि फाइल पुढे पाठवली. काम ठरल्याप्रमाणेच झालं. नोकरी मी सोडली नाही, पेपरात गेलो नाही. बायको म्हणायची, "तुम्ही लिहिलंत ना, मग झालं." तेव्हा पटायचं. आता रात्री कधी कधी पटत नाही. एका वस्तीला दोन उन्हाळे गढूळ पाणी प्यावं लागलं, आणि माझ्या चार ओळी फाइलीत कोरड्या राहिल्या.

तेव्हा ज्येष्ठांनी विचारलेला प्रश्न मला लागला तो राजपूरकरांमुळे नव्हे, माझ्यामुळे. आणि म्हणूनच फरकही नीट सांगितला पाहिजे. माझी असहमती फाइलीत संपली. राजपूरकरांची पुस्तकं लोकांच्या हातात गेली. दारफाळणीच्या दिवशी बंद दाराआड उपाशी बसलेल्या माणसाला आपण कशाची क्षमा मागतोय हे आपल्या भाषेत कळलं. माझ्या चार ओळींनी कोणाची तहान भागली नाही. त्यांच्या पानांनी भागवली. नोकरीत राहून केलेल्या असहमतीला मोजायचं माप हेच असावं: ती कोणापर्यंत पोचली? या मापानं राजपूरकर उतरतात. मी उतरत नाही.

म्हणून माझा निकाल असा: राजपूरकर मास्तर आश्रित नव्हते. बंडखोर म्हणणंही फार होईल. ते असहमत होते, दोन्ही बाजूंशी. पादऱ्यांकडून विद्या घेतली आणि निष्कर्ष नाकारला. ससूनांकडून पगार घेतला आणि त्यांची मोजणी नाकारली. दोन्ही नकार त्यांनी मराठीत लिहिले.

१९४८ च्या सुमारास वीसेक हजारांच्या घरात असलेला हा समाज आता बहुतांश इस्रायलला गेला आहे. इथे उरलेत थोडे हजार. तिकडेही काही घरांत मराठी बोलतात आणि मलिदा करतात. ज्या प्रार्थनापुस्तकांबद्दल मी लिहितोय ती आता बहुतेक कपाटांतच असतील. उज्जैन-इंदूरकडे कोणाच्या घरी जुन्या मराठी पुस्तकांत एका बाजूला हिब्रू आणि एका बाजूला बाळबोध असं पान सापडलं, तर रद्दीत देण्याआधी मंडळाला जरूर दाखवा.

ज्येष्ठांचं समाधान झालं नसेल तर पुढच्या बैठकीत पुन्हा भांडू. पोह्यांचे पैसे या वेळी माझे.